शनिवारची तक्रार

६ जानेवारी, सोमवार

दर्शना वकीलबाईंनी दुकानातल्या सगळ्यांना नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. प्रत्येक पानावर वर 'आजच्या तारखा' असं छापलंय, म्हणजे कोर्टाच्या तारखा. माझी कसली तारीख? पण पानं गुळगुळीत आहेत, फुकट घालवायची नाहीत. राग आला की लिहायचं असं ठरवलंय. म्हणजे रोजच लिहावं लागणार.

माझं काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, कारण गावाकडं ते कोणालाच समजावता आलं नाही. माझे वडील, अप्पा, हिंगोलीकडं सगळ्यांना सांगतात, प्रीतम मुंबईला कोर्टात असतो. लोक विचारतात, कोणत्या केसमध्ये?

दिंडोशी कोर्टाजवळच्या गल्लीत राऊळ टायपिंग आहे. पाच मशीन. लिहायला एक साधा एडिटर आहे, फुकटातला. तो म्हणजे नुसता कोरा कागद. त्याला बाकी जे काही यायला हवं ते वेगळं डाउनलोड करून जोडायचं, त्याला पॅकेज म्हणतात. परिच्छेदांना आकडे घालणारं एक, प्रतिज्ञापत्राचा तयार मजकूर ओतणारं एक, मराठी तपासणारं एक. अशी अकरा पॅकेजं एकेका मशीनवर. ती सांभाळायची, अपडेट करायची, एकमेकांशी भांडली की सोडवायची, हे माझं काम. दहावी दोनदा नापास. झेरॉक्सवर उभा राहायला आलो होतो. एकदा मशीन अडलं, मी व्हिडिओ बघून सोडवलं, तेव्हापासून ही बला माझ्या गळ्यात.

मालक गुणाजी राऊळ. आम्ही काका म्हणतो. मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेली तशी टाइपरायटर घेऊन बोरिवलीला कोर्टाबाहेर बसले. पहिल्या दिवशी मला नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. आडनाव ऐकून चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं, झालं, निघा आता. मग म्हणाले, उद्यापासून ये. तेव्हापासून रोज दुपारी माझा डबा उघडायला लावतात आणि एक घास खाऊन बघतात. स्वतःचा डबा असताना. फुकटे.

११ जानेवारी, शनिवार

शनिवारी गर्दी कमी असते, तेव्हा काकांना सुचतं. खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि म्हणतात, "लिही झिला." झिला म्हणजे त्यांच्या मालवणीत पोरा.

कोर्टपान नावाचं एक पॅकेज आहे. मार्जिन सोडणं आणि पानांना आकडे घालणं हे त्याचं काम. बनवणाऱ्याचं नाव नाही, नुसतं एसजी९४. पॅकेजं जिथून घ्यायची त्या स्टोअरमध्ये त्याच्या पानावर तक्रारीची जागा आहे, तिथं दुकानाच्या खात्यावरून लिहायचं. आजची तक्रार, डावीकडची मार्जिन केसभर सरकल्यासारखी वाटते. मी छापून, पट्टी लावून मोजली. बरोबर आहे. काकांना दाखवली तर म्हणाले, पट्टी चुकीची असेल, लिही.

सात महिने झाले, एक शनिवार सुटलेला नाही. खरी तक्रार एकही नाही. त्या पानावर खाली लिहिलंय, एकूण वापरणारे: ५. अख्ख्या जगात पाच मूर्ख, आणि पाचही आमच्याच दुकानात.

तासाभरात उत्तर आलं. 'बघतो. शक्यतो आपण चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.'

गिऱ्हाइकाला असं बोलतात? मी काकांना विचारलं, झाडू का याला? काका हसत होते. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

१५ जानेवारी, बुधवार

वाट लागली. एडिटरची नवी आवृत्ती आली, मी चार मशीनवर घेतली. आकडे घालणारं पॅकेज म्हणे नव्यावर चालत नाही. त्याचं नवीन घेतलं तर तयार मजकुराचं पॅकेज बंद पडलं, कारण त्याला आकड्यांचं जुनंच लागतं. जुनं परत घातलं तर मराठी तपासणारं रुसलं. एका वकिलाचा अर्ज 'सविनय' या शब्दावरच अडकून बसला, पुढं सरकेना. वकील माझ्या डोक्यावर उभा. सगळं मागं न्यायला चार तास लागले.

पाचवं मशीन मालनताईंचं. त्या बावीस वर्षं काकांकडे टाइप करतायत. त्यांच्या मशीनला मला हात लावू देत नाहीत. मी अपडेटचं नाव काढलं तर म्हणाल्या, "बोटं मोडीन." आज अख्ख्या दुकानात त्यांचंच मशीन चालू होतं. माझ्याकडे न बघता टाइप करत होत्या. ते न बघणं जास्त लागलं.

१९ जानेवारी, रविवार

अप्पांचा फोन. मोबाईलचा टॉर्च लागला, बंद होत नाही. मागच्या रविवारी सांगितलं होतं, त्याच्या आधीही सांगितलं होतं. वरून बोट खाली ओढा, चित्रावर दाबा. मी चिडून म्हटलं, शेजारच्या पोराला दाखवा ना. तर म्हणाले, हो हो, दाखवतो, तू जेवलास का? मी म्हटलं कामात आहे. रविवार होता, पण ठेवला फोन.

२४ जानेवारी, शुक्रवार

कोर्टपानचं अपडेट आलं. मी काय बदललं ते उघडून बघितलं. 'किरकोळ दुरुस्त्या.' मार्जिन तीच, आकडे तेच. फक्त खालच्या पट्टीतली ओळ बदललीय. एडिटर उघडला की त्या पट्टीत सकाळी काहीतरी येतं. आधी यायचं, 'गोळी घेतली का?' मला वाटायचं औषधवाल्यांची जाहिरात असेल. आता येतं, 'सुपारी कमी.'

पॅकेजचा आणि सुपारीचा काय संबंध? वकील बघतात, हसतात. मी ओळ बंद करायला गेलो तर काका ओरडले. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग खिशातली सुपारीची डबी काढून खणात टाकली आणि म्हणाले, जा, चहा सांग.

म्हातारा झाला की माणूस मशीनचंही ऐकायला लागतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

काका गावच्या देवीच्या जत्रेला गेले, पुढच्या सोमवारी येणार. मालनताई तापाने आडव्या, आठवडाभर येणार नाहीत. दुकान माझ्यावर. निघताना काकांनी एकच बजावलं, शनिवारी काहीतरी लिही. काय लिहू विचारलं तर म्हणाले, कायव लिही.

दुपारी एक पॅकेज सापडलं, सुबक नावाचं. मार्जिन, पानांचे आकडे, परिच्छेदाचे आकडे, तीन पॅकेजांचं काम एकटं करतं. लाखभर लोक वापरतात. दर महिन्याला अपडेट, कोणाशी भांडण नाही. मी बसल्या जागी टाळी वाजवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

केलं. चारही मशीनवरून कोर्टपान काढलं आणि सुबक घातलं. दर्शना वकीलबाईंचं चाळीस पानी कागदपत्र एका दमात निघालं. त्या म्हणाल्या, प्रीतम, तू तर इंजिनिअर निघालास. असं आजवर मला कोणी म्हटलं नव्हतं.

मग त्या एसजी९४चा हिशेबच मिटवून टाकला. काकांना वाईटपणा नको म्हणून मीच लिहिलं, दुकानाच्या खात्यावरून. 'तुमचं पॅकेज काढून टाकलं आहे. आम्हाला आता तुमची गरज नाही. यापुढे काही पाठवू नये. राऊळ टायपिंगच्या वतीने.'

वतीने हा शब्द नोटिशीत असतो. तो घातला की वजन येतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

एरवी तासात उत्तर देणाऱ्याला तीन दिवस लागले. लिहिलंय, 'समजलं. मला वाटत होतं, निदान एवढं तरी चालू आहे. उद्यापासून हे पॅकेज स्टोअरमध्ये नसेल. दुकानातल्या सगळ्यांना नमस्कार. सुपारीची खरंच काळजी घ्यावी.'

बघा, कसा सरळ आला. आणि तरी सुपारी सोडत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काका आले. सगळ्यांना जत्रेतलं खाजं दिलं, मला जास्त. मशीनसमोर बसले. खालची पट्टी कोरी. थोडा वेळ बघत राहिले, मशीन बंद करून चालू केलं. मग म्हणाले, ओळ खय गेली?

मी खूश होतो. सगळं दाखवलं, सुबक, चाळीस पानं, इंजिनिअर. मग त्याला लिहिलेलंही दाखवलं आणि त्याचं उत्तरही.

वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते पान पुन्हा पुन्हा वर-खाली केलं. मग म्हणाले, "बरां केलंस." उठले, झेरॉक्सजवळ जाऊन उभे राहिले. कोणी काही द्यायला आलं तरी हलले नाहीत. दुपारी माझा डबा उघडायला सांगितला नाही. तीन वाजता घरी गेले.

माझं काय चुकलं ते कोणी सांगेल का?

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालनताई आल्या. काका कोपऱ्यातल्या बाकावर बसून होते, मशीनकडे फिरकले नाहीत. ताईंनी मला खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि विचारलं, काय केलंस? मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

एसजी९४ म्हणजे सुशांत गुणाजी. काकांचा एकुलता एक मुलगा. बंगळूरला असतो. हा एडिटर, ही पॅकेजं, सगळं त्यानेच बसवलेलं. चार वर्षं बापलेक बोलत नाहीत. सुशांतचे फोन यायचे, काकांनी एकदा उचलला नाही, दोनदा उचलला नाही, मग उचलायला तोंड राहिलं नाही. आणि मग ही तक्रार सुरू झाली. दर शनिवारी.

मी म्हटलं, मला आधी सांगायला काय झालं होतं?

"मालकाच्या घरचं मी कशाला सांगू? आणि तुला तर कसं सांगू?"

मला का नाही, तेही मग सांगितलं. चार वर्षांपूर्वी सुशांत लग्नाची मुलगी घेऊन दुकानात आला होता. मुलुंडची, संघमित्रा नाव. ती पाया पडायला वाकली. काका टाइप करत होते, ते करतच राहिले. मान वर केली नाही. एक पान संपलं, दुसरं सुरू केलं. ती दोघं तशीच उभी. मग गेली, लग्न तिकडेच केलं.

"पण का?"

"का म्हणून काय विचारतोस? तुमच्यातली होती म्हणून."

चहा हातात तसाच राहिला. मी म्हटलं, मग माझ्या डब्यातलं रोज कसं चालतं यांना?

"ते तू त्यांनाच विचार," ताई म्हणाल्या. "बावीस वर्षांत त्यांना दुसऱ्याच्या डब्यात हात घालताना मी बघितलं नव्हतं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर गेलो नाही. दहिसरला नदीच्या पुलावर उभा राहिलो, मग चेकनाक्यापर्यंत चालत गेलो, परत आलो. डोकं शांत होईना.

सुनेला दारातून परत पाठवलं आणि मला ठेवून घेतलं. कशाला? शिकायला? मी काय पाटी आहे, याची चूक गिरवून बघायला? रोज एक घास खाऊन बघत होता, जमतं का. आणि मी मूर्ख, चटणी कमी पडते म्हणून डबा बनवणाऱ्या काशीरामला जास्त करायला सांगत होतो.

तुटलं ते बरंच झालं म्हणावं, तर तेही जमत नाही. त्या सुशांतला मी लिहिलं, गरज नाही. त्याला वाटलं असेल बापाने लिहिलं. आणि तिनेही वाचलं असेल. तिला दुसऱ्यांदा परत पाठवलं, आणि या वेळी मी पाठवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काशीराम माझ्या खोलीतला. त्याच्या ओळखीने चेंबूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. सोमवारपासून ये म्हणाले. आडनाव विचारलं नाही. बरं वाटलं. ही माझी पाचवी नोकरी होईल.

डबा तेवढा राऊळमध्ये राहिलाय, तो आणायला हवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डबा आणायला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मालनताई एकट्या टाइप करत होत्या. माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून काका बसलेले. समोर माझा डबा, घासून पुसून ठेवलेला.

"खय होतंस रे झिला?"

मी उभ्यानेच विचारलं, "काका, सून पाया पडायला वाकली तेव्हा मान का वर केली नाही?"

ताईंचं टायपिंग थांबलं. काकांनी डब्याचं झाकण उघडलं, लावलं.

"चुकलंय मी," ते म्हणाले. "पण चुकलंय असां लिहूक माका येणा नाय. चाळीस वर्षां टाइप करतंय. अर्ज येता, नोटीस येता, दुसऱ्याचो माफीनामो येता."

राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही, हे लिहून ठेवतो. पण डबा उचलून दाराशी गेलो आणि तिथंच अडलो, कारण मालनताईंचं मशीन दिसलं. त्यांच्या पडद्यावर खाली पट्टीत ओळ होती, जुनीच, 'गोळी घेतली का?'

ज्या मशीनला मला हात लावू दिला नाही त्यावर कोर्टपान जिवंत होतं. जगातलं शेवटचं.

ताई उठल्या आणि त्यांनी खुर्ची मला दिली. मी पॅकेजचं फोल्डर शोधलं, पेनड्राइव्हवर घेतलं, काकांच्या मशीनवर टाकलं. एडिटर म्हणाला, हे स्टोअरमधलं नाही, घेणार नाही. दोन तास त्याच्याशी भांडलो. शेवटी घेतलं. पण ती नुसती प्रत, तिला स्टोअरमधून आता काही येणार नव्हतं. स्टोअरमधलं पान बंद, म्हणजे तक्रारीची जागाही बंद.

तेव्हा ती फाईल सापडली. प्रत्येक पॅकेजच्या आत एक असते, नाव, आवृत्ती, बनवणारा कोण. कोर्टपानच्या फाईलमध्ये सुशांतचा ईमेल होता. आठ महिने मी ही पॅकेजं सांभाळतोय म्हणतो, एकदाही आत डोकावलो नव्हतो.

आधी मी लिहिलं. 'ते मी लिहिलं होतं. काका गावी होते, त्यांना माहीत नव्हतं. ते शनिवारी लिहायला सांगून गेले होते. प्रीतम.' आडनावही लिहिलं.

मग काकांना म्हटलं, सांगा, लिहितो. ते म्हणाले, "ऊठ. माका बसांदे."

त्यांना टाइप करताना मी कधी नीट बघितलं नव्हतं. दहा बोटं, पडद्याकडे बघत, कीबोर्डकडे नजर नाही. मधेच थांबायचे, अख्खी ओळ पुसायचे, पुन्हा सुरू. मला चहा आणायला पाठवलं. आलो तर परत पाठवलं, खारी आण म्हणून. काय लिहिलं ते मला माहीत नाही. मालनताई मागं उभ्या होत्या, त्यांनी पदराने नाक पुसलं.

निघताना काका म्हणाले, सोमवारी डबो आण.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चेंबूरला गेलो नाही. काशीराम शिव्या घालतोय, माझं नाव खराब केलंस म्हणून. त्याचं बरोबर आहे.

काका दर पाच मिनिटांनी विचारतात, उत्तर आलं का? नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मशीन चालू केलं तर स्टोअरमध्ये कोर्टपान परत दिसलं. आवृत्ती चार. काकांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं, ह्यां घी. मी पाचही मशीनवर घेतलं. या वेळी मालनताईंनीही काही म्हटलं नाही.

आणि सगळी वाट लागली. दर्शना वकीलबाईंचं पंचवीस पानी कागदपत्र काढलं तर पानांचे आकडे उलटे. पहिल्या पानावर पंचवीस, शेवटच्या पानावर एक. साडेअकराला त्यांना कोर्टात द्यायचं होतं, त्या दारात उभ्या. बंगळूरला एवढी मोठी नोकरी करणारा माणूस, आणि अशी चूक? ही चूक दहावी नापाससुद्धा करणार नाही. वापरून तरी बघायचं ना पाठवण्याआधी.

खरी तक्रार मिळाली होती, आयुष्यात पहिल्यांदा. मी तावातावाने म्हटलं, काका, सांगा, लिहितो, चांगलं झाडतो त्याला. आणि काय बदललंय ते उघडलं. तिथं एकच ओळ. 'अडचण आल्यास लिहू नये. फोन करावा.' नंबर दिला नव्हता. आता नंबर द्यायचं पण कळत नाही? मी काकांना तेच म्हटलं.

काकांनी ती ओळ वाचली. चष्मा पुसला. खिशातून मोबाईल काढला आणि नंबर पाठ असल्यासारखा दाबला, न बघता, टाइप करतात तसा.

"पानां उलटी येतत रे," ते म्हणाले.

पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "फोन तीका दी."

तोवर मला चूक सापडली होती. पॅकेजच्या फाईलमध्ये एक शब्द होता, तो खोडला की आकडे सरळ. खोडला, पंचवीस पानं छापली, दर्शनाबाईंच्या हातात दिली. त्या पळाल्या. काकांना सांगितलं नाही. ते बाहेर पायरीवर बसून फोनवर मार्जिन कशी सरकते ते समजावत होते, हात हलवून, जणू समोर कोणी उभं आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अप्पा. टॉर्च लागलाय, बंद होत नाही.

मी झेरॉक्समागच्या स्टुलावर बसलो. म्हटलं, सांगा, समोर काय काय दिसतंय ते एकेक वाचा.

ते वाचायला लागले. टॉर्चचं चित्र कितवं ते मला पाठ आहे. पण अप्पा अक्षर लावून वाचतात, वेळ लागतो. लागू दिला.